बाबराचे काबूल आणि उंचावरची थंडी

बाबराचे नाव निघाले की पानिपत, १५२६ आणि तोफा एवढेच आपल्या मुलांना आठवते. परंतु हवा, पाणी, फळे, पाखरे यांची बारकाईने नोंद करणारा आणखी एक बाबर 'बाबरनाम्या'त आहे. त्याची ओळख मुलांना व्हायला हवी.

१५०४ साली बाबराने काबूल घेतले. तो नोंदवतो की, या शहरातून एका दिवसात जिथे बर्फ कधीच पडत नाही अशा जागी जाता येते, आणि काही घटकांतच जिथे बर्फ सहसा वितळत नाही अशाही जागी पोहोचता येते. मुल्क तोच, ऋतू तोच. मुख्य फरक उंचीचा. काबूल समुद्रसपाटीपासून सुमारे १८०० मीटरवर, तर जलालाबाद सुमारे ६०० मीटरवर आहे. जलालाबादकडच्या याच उबदार भागात बाबराने 'बाग-ए-वफा' फुलवली. तिथे संत्री, ऊस आणि केळीही वाढली.

नातू अकबराच्या काळात, १५८६ पासून, लाहोरच्या दरबारात उत्तरेच्या डोंगरांतून बर्फ येऊ लागले, असे अबुल फजल 'आईन-ए-अकबरी'त सांगतो.

पण शिखर सूर्याच्या अधिक जवळ, मग तिथे थंडी का? वर्गात मुले आम्हा शिक्षकांना हेच विचारतात. या ग्रंथांत अनुभव आहे, कारण नाही. अठराव्या शतकात जिनिव्हाच्या सोस्यूर या अभ्यासकाने काचा बसवलेली पेटी आल्प्सच्या एका शिखरावर नेली. बाहेर गारठा असूनही पेटी आतून जवळपास पायथ्याइतकीच तापली. म्हणजे ऊन कमी नव्हते. थंड होती ती हवा.

हवा मुख्यतः तापलेल्या जमिनीमुळे तापते. ती वर चढते तसा तिच्यावरचा दाब घटतो, ती पसरते आणि थंड होते. हजार मीटरला सरासरी साडेसहा अंश सेल्सिअस, या हिशोबाने काबूल व जलालाबाद यांच्यात सुमारे आठ अंशांचा फरक पडतो.

सारे शोध आमच्याच पूर्वजांनी लावले, असा टेंभा मिरवण्याची आपल्याला गरज नाही. आणि आपला इतिहास म्हणजे नुसत्या लढाया, हेही मान्य करण्याचे कारण नाही. डोळे उघडे ठेवून पाहणे आणि पाहिलेले प्रामाणिकपणे लिहून ठेवणे, हीसुद्धा इल्मची खिदमतच आहे. इतिहासाच्या तासाला पानिपतासोबत काबूलची ही नोंदही आपण मुलांना वाचून दाखवू या.