इंग्रजी क्रियापद आणि त्याचे सोबती

मराठी माणसानें इंग्रजी भाषा प्रथम हस्तगत केली ती ग्रंथांच्या द्वारें, संभाषणाच्या द्वारें नव्हे. १८५७ सालीं मुंबई विद्यापीठ स्थापन झालें, आणि पुढें पुण्यामुंबईचे पदवीधर बर्क, मिल व मेकॉले यांच्या भारदस्त वाक्यरचनेंत मुरले. 'पोस्टपोन', 'टॉलरेट', 'एक्स्टिंग्विश' हे शब्द त्यांना सहज वश झाले. परंतु इंग्रज गृहस्थ आपल्या घरीं बोलतांना याच अर्थीं 'पुट ऑफ', 'पुट अप विथ' आणि 'पुट आउट' असें म्हणतो. 'पुट' म्हणजे ठेवणें, एवढें शाळेंतल्या लहान मुलासही ठाऊक असतें. मग त्याच्यानंतर एखादें चिमुकलें अव्यय येतांच काम लांबणीवर कसें पडतें, त्रास सोसला कसा जातो आणि दिवा विझतो कसा, हें कोडें मात्र भल्याभल्यांना पडत आलें आहे.

या कोड्यानें केवळ मराठी विद्यार्थीच गांजला असें नाहीं. डॉ. जॉन्सन यांचा सुप्रसिद्ध इंग्रजी कोश १७५५ सालीं बाहेर पडला. त्याच्या प्रस्तावनेंतच त्यांनीं सांगून ठेवलें आहे कीं, क्रियापदानंतर अव्यय जोडून अर्थ पालटण्याची ही रीति परकीयांस सर्वांत अधिक जड जाते. 'फ्रेझल व्हर्ब' हें नांव तर तिला फार उशिरां मिळालें. लोगन पिअरसॉल स्मिथ यांनीं १९२५ सालच्या आपल्या ग्रंथांत तें वापरलें आणि त्याचें श्रेय कोशकार हेन्री ब्रॅडली यांस दिलें.

नांव नवें असलें तरी वस्तु जुनी आहे. प्राचीन इंग्रजींत क्रियापदाच्या आधीं उपसर्ग लागत. काळाच्या ओघांत त्यांतील पुष्कळसे झिजून गेले, आणि 'अप', 'आउट', 'ऑफ' यांसारखीं अव्ययें क्रियापदानंतर उभीं राहून तेंच काम करूं लागलीं. तशांत १०६६ सालीं नॉर्मन लोकांनीं इंग्लंड जिंकलें. दरबारांत फ्रेंच आली. विद्येच्या क्षेत्रांत लॅटिन होतीच. त्यामुळें इंग्रजीला जणूं दोन मजले झाले. वरच्या मजल्यावर लॅटिन-फ्रेंच कुळांतले भारदस्त शब्द, तर खालीं चुलीपाशीं व अंगणांत 'पुट', 'गेट', 'टेक', 'गो' हीं घरगुती क्रियापदें आपल्या अव्ययांसह नांदूं लागलीं. मराठी विद्यार्थ्याला शिक्षणानें नेमकें वरच्या मजल्यावर नेऊन सोडलें. खालच्या मजल्याचा जिना त्याला कोणीं दाखविला नाहीं. 'पोस्टपोन' शब्दाच्या धर्तीवर आपल्या देशांत 'प्रीपोन' हा शब्द रूढ झाला, त्याचें मर्म यांतच आहे. ज्या ठिकाणीं इंग्रज 'ब्रिंग फॉरवर्ड' म्हणून मोकळा होतो, त्या ठिकाणीं येथील माणसानें लॅटिनच्या सांच्यांतून नवें नाणें पाडलें!

हा जिना बांधण्याचें साहित्य आपल्याकडे नव्हतें असेंही नाहीं. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालीं निघाला. १८३६ सालीं दादोबा पांडुरंगांचें व्याकरण प्रसिद्ध झालें. मोल्सवर्थ व कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ सालीं पुरा झाला. पुढें तर्खडकरांच्या भाषांतरपाठमालेवर कित्येक पिढ्यांनीं इंग्रजी गिरविली. मात्र शाळेच्या वर्गांत एक समीकरण पक्कें होऊन बसलें: 'प्रेपोझिशन' म्हणजे शब्दयोगी अव्यय. 'अप' म्हणजे वर, 'ऑफ' म्हणजे दूर, 'विथ' म्हणजे सह. हें समीकरण अर्धें खरें आहे, आणि घोटाळा त्या अर्ध्या सत्यानेंच केला.

कारण इंग्रजींत एकच अव्यय दोन वेगळ्या भूमिका वठवितें. 'ही रॅन अप द हिल' म्हणजे तो टेकडीवर धांवत गेला. येथें 'अप'चा संबंध टेकडीशीं आहे. उलट 'ही रॅन अप अ बिल' म्हणजे त्यानें उधारी वाढवून ठेवली. येथें 'अप' धांवणाऱ्या क्रियापदालाच चिकटलें आहे. पारख सोपी आहे. नामाच्या जागीं 'इट' घालून पाहावें. बिलाच्या वाक्यांत तें मधें शिरतें आणि 'रॅन इट अप' असें होतें; टेकडीच्या वाक्यांत तें शेवटींच राहतें.

क्रियापदाला चिकटणाऱ्या या सोबत्याची ओळख मराठी माणसाला वस्तुतः दुहेरी आहे. एकाच 'हृ' धातूपासून आहार, विहार, प्रहार, संहार हे भिन्नार्थी शब्द उपसर्गांनीं घडविले, हें संस्कृतचा प्रत्येक विद्यार्थी जाणतो. वेदांच्या भाषेंत तर हे उपसर्ग क्रियापदापासून सुटे, कित्येकदां बरेच दूरही उभे राहत. दुसरी ओळख त्याहून जवळची, आपल्या संयुक्त क्रियापदांची. 'खाऊन टाक' या बोलण्यांत कोणी कांहीं टाकीत नाहीं आणि 'बोलून गेला' यांत कोणी कोठें जात नाहीं. 'टाक' व 'गेला' हे शब्द क्रियेची पूर्तता किंवा तिचा आवेग दाखवितात. 'ईट अप' म्हणजे खाऊन टाकणें, 'गिव्ह अप' म्हणजे सोडून देणें, 'ब्लो अप' म्हणजे उडवून देणें. इंग्रजीनें जें काम अव्ययावर सोंपविलें, तें मराठीनें दुसऱ्या क्रियापदावर सोंपविलें आहे.

पुणेकरांच्या स्मरणांतली एक घटना घेतली म्हणजे ही गोष्ट स्पष्ट होईल. १२ जुलै १९६१ रोजीं आंबी नदीवरील पानशेतचें नवें मातीचें धरण फुटलें. त्या लोंढ्यापुढें खडकवासल्याचें जुनें धरणही टिकलें नाहीं, आणि मुठेच्या कांठच्या पेठांत हाहाकार उडाला. घरें वाहून गेलीं. इंग्रजींत याला 'वॉश अवे' म्हणतात. 'वाहून' पाठीमागचें 'गेलीं' आणि 'वॉश' पाठीमागचें 'अवे' हे सख्खे भाऊ शोभतात. आतां 'पुट अप' पाहावें. पानशेतला धरण उभारलें, तें 'पुट अप'. बेघर माणसांना आसरा देऊन ठेवून घेतलें, तेंही 'पुट अप'. दोन्ही धरणें गेल्यावर नगराला पाण्याचे हाल सोसावे लागले, तें मात्र 'पुट अप विथ'. पहिल्या दोन अर्थांचा निवाडा पुढील नाम करतें: धरण उभारतात, माणसाला आसरा देतात. तिसऱ्या अर्थाला 'विथ' लागतेंच.

हें 'विथ' येथें कशासाठीं? 'पुट' आणि 'अप' मिळून एक क्रियापद झालें, 'सोसणें'. काय सोसलें, हें सांगणाऱ्या नामाला जोडणारा दुवा म्हणजे 'विथ'. मराठींतही क्रियापदें आपापली विभक्ति मागून घेतात. सापाला भ्यावें, मित्राशीं भांडावें, मुलावर रागवावें. येथें 'ला', 'शीं' आणि 'वर' यांची अदलाबदल चालत नाहीं. तात्पर्य, तीन शब्दांच्या या जुडग्यांत मधला शब्द क्रियापदाचा आप्त आणि शेवटचा शब्द नामाचा आप्त. 'रन आउट ऑफ', 'कीप अप विथ', 'लुक फॉरवर्ड टु' हीं सारीं याच घाटाचीं आहेत.

हा भेद ध्यानांत आला नाहीं म्हणजे चुका कशा घडतात, तेंही पाहण्यासारखें आहे. 'विषयीं चर्चा करणें' या मराठी वळणावरून 'डिस्कस अबाउट' येतें; वस्तुतः 'डिस्कस'ला दुव्याची गरजच नाहीं. 'कीप अप विथ' कानांत बसलेलें असतें, म्हणून 'कोप विथ'मध्यें 'अप' नाहक घुसतें. या चुका अज्ञानाच्या नव्हेत, तर चुकीच्या ठिकाणीं लावलेल्या तर्काच्या आहेत. म्हणूनच त्या सुधारतात.

शेंकडों जोड्यांच्या याद्या पाठ करण्याचा मार्ग आजवर पुष्कळांनीं चोखाळला आणि पुष्कळांनीं अर्ध्यांत सोडून दिला. त्याहून बरा मार्ग असा कीं, प्रत्येक नव्या जोडीला दोन प्रश्न विचारावे: हें अव्यय क्रियापदाचें कीं नामाचें? आणि क्रियापदाचें असल्यास, मराठींत तेथें 'टाकणें', 'देणें', 'घेणें', 'जाणें' यांपैकीं कोणतें क्रियापद धांवून येतें? उत्तर दर वेळीं मिळेलच असें नाहीं. तथापि जेव्हां मिळतें, तेव्हां तो शब्द परक्याचा राहत नाहीं. इंग्रजीच्या खालच्या मजल्याकडे जाणारा जिना मराठीच्या स्वयंपाकघरांतूनच निघतो. त्यावर पाय ठेवण्यापूर्वीं स्वतःच्या भाषेकडे एकदां नीट पाहावें, एवढेंच.