ऑपरेशनमध्ये गाठ निघाली, मग किमो कशासाठी?

गाठ काढून गोंदियाला घरी परतलेल्या पेशंटला नागपूरला किमोसाठी पुन्हा बोलावलं, की घरात एकच शंका येते: कॅन्सर उरलाय का? तसंच असेल असं नाही. स्कॅनमध्ये न दिसणाऱ्या पेशी कुठे राहिल्या असतील, तर त्या मारण्यासाठी ही किमो असते. इटलीतल्या मिलान इथल्या डॉक्टरांनी १९७६ मध्ये स्तनाच्या कॅन्सरमध्ये दाखवून दिलं, की अशा किमोने आजार परतण्याचं प्रमाण घटतं.

फायदा मात्र सगळ्यांना सारखा नसतो. काहींना तिची गरजही नसते. म्हणून घाबरून तारीख पुढे ढकलण्यापेक्षा डॉक्टरांना थेट विचारावं: किमो घेतली तर आजार परतण्याची शक्यता किती, नाही घेतली तर किती? शेजाऱ्यांच्या अनुभवावर हे ठरत नाही.

उलट्यांची धास्ती सर्वात जास्त. हल्ली सलाईनआधीच त्यावरची औषधं देतात. गेलेले केस बहुतेकांना परत येतात. जपायचं ते तापाला: १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप आला, तर मध्यरात्रीही हॉस्पिटल गाठायचं.

आणि नागपूरच्या फेऱ्या? हॉस्पिटलचं प्रमाणपत्र दाखवल्यावर रेल्वेत पेशंटला स्लीपर आणि थर्ड एसीचं भाडं पूर्ण माफ असतं, सोबतच्या एकाला ७५ टक्के सवलत मिळते.