कर्मठ

माझा भाचा भोपाळला नोकरीत होता. निवृत्त झाला तेव्हा मिळालेलं मानपत्र त्याने मला दाखवलं. त्यात ठळक अक्षरांत 'कर्मठ अधिकारी'! म्हटलं, याने त्यांचं काय घोडं मारलं? मग लक्षात आलं, हिंदीत कर्मठ म्हणजे झटून काम करणारा. मूळ संस्कृत अर्थही तोच. पाणिनीनेही हा शब्द कामात गढलेला या अर्थानेच साधून दिला आहे.

मराठीत मात्र त्यातलं काम गेलं आणि कर्मकांड उरलं. सोवळंओवळं, प्रायश्चित्त. पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये १८९० मध्ये चहा-बिस्किटं पुढे आली, हजर असणाऱ्यांची नावं छापून आली आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. रानड्यांसारख्या माणसालाही १८९२ मध्ये प्रायश्चित्त घ्यावं लागलं. आज वाचताना हसू येतं.

महाडचं वाचताना येत नाही. चवदार तळं नगरपालिकेने १९२४ मध्येच ठराव करून सर्वांना खुलं केलं होतं. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि हजारो लोक तिथलं पाणी प्यायले, तर त्यांना मारहाण झाली. पुढे पंचगव्याच्या १०८ घागरी ओतून तळं 'शुद्ध' केलं गेलं! कोर्टाचा अखेरचा निकाल लागायला १९३७ उजाडलं. इतिहास शिकवताना मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आलो, 'कर्मठांचा विरोध'. जणू पूजाअर्चेत जरा जास्त काटेकोर असलेली मंडळी! माणसांवर काठ्या चालवणं हे कुठल्या पोथीतलं कर्म?

आमची आजी कर्मठ होती, असं आम्ही सगळेच म्हणतो. सोवळ्यात स्वयंपाक, कडक एकादशी. त्याबद्दल माझी तक्रार नाही, त्रास झाला तो तिचा तिलाच. पण लाकडं फोडायला एक म्हातारे गृहस्थ यायचे, त्यांच्या ओंजळीत ती पायरीवरून, हातभर उंचीवरून पाणी ओतायची. तांब्या मीच आणून द्यायचो.

परवा फोनवर हे ताईला म्हटलं. ती म्हणाली, "अरे, आजी कर्मठ होती, पण वाईट नव्हती रे." वाईट नव्हती हे खरंच. मीही तेच म्हणत आलोय. मग मी तिला त्या म्हाताऱ्यांचं नाव विचारलं. तिलाही आठवेना.