सुपरकार पेट का घेतात? आणि आपल्या गाडीत ते कसं टाळायचं?

25 डिसेंबर 2024 च्या रात्री मुंबईच्या कोस्टल रोडवर एक लॅम्बोर्गिनी हुराकान पेटली. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही, पण व्हिडिओ सोशल मीडियावर जोरात फिरला. एवढी महागडी गाडी जळतेच कशी, हा प्रश्न तुम्हालाही पडला असेल. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, त्यामुळे अशा घटनेत मी आधी 'बग' कुठे आहे ते शोधतो. चला, समजून घेऊया.

आग लागते कशी?

आगीला तीन गोष्टी लागतात: इंधन, उष्णता आणि हवा. या तिन्ही प्रत्येक गाडीत असतातच, फक्त इंधन आणि उष्णता एकमेकांपासून लांब ठेवलेली असतात. सुपरकारमध्ये हे अंतर खूप कमी असतं. हुराकानचं 5.2 लिटरचं व्ही10 इंजिन सीटच्या मागे असतं. तिथेच पेट्रोलच्या नळ्या, ऑइल, वायरिंग आणि तापलेला एक्झॉस्ट. एक्झॉस्टमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचं तापमान कित्येक शे अंशांवर जातं. त्यात गाडी ट्रॅफिकमध्ये अडकली की वारा लागत नाही आणि उष्णता आतच कोंडते.

जुने रिकॉल काय सांगतात?

रिकॉल म्हणजे गाडीचा बगफिक्सच.

- फेरारी 458 इटालिया (2010): चाकाच्या कमानीतली हीट शील्ड गोंदाने चिकटवलेली होती. तो गोंदच तापून पेटू शकत होता. कंपनीने 1,248 गाड्या परत बोलावल्या आणि गोंदाऐवजी धातूचे फास्टनर लावले.
- पोर्शे 911 जीटी3 (2014): कनेक्टिंग रॉडचा बोल्ट सैल होऊन इंजिन फुटायचं आणि ऑइल गरम भागांवर सांडायचं. कंपनीने 785 गाड्यांची इंजिनंच बदलली.
- लॅम्बोर्गिनी अव्हेंटाडोर (2017): टाकी काठोकाठ भरली की पेट्रोलची वाफ धरणाऱ्या कॅनिस्टरमध्ये द्रव पेट्रोल जाऊ शकत होतं. गाडी उभी ठेवून रेस दिली की आगीचा धोका. बाहेरून बसवलेल्या एक्झॉस्टने तो आणखी वाढायचा.

तिन्हीकडे दोष साधा होता: गोंद, बोल्ट, वाफ. म्हणजे प्रश्न फक्त इंजिनच्या ताकदीचा नाही. इंधन किंवा जळणारी वस्तू उष्णतेपर्यंत पोहोचली, की झालं!

आपल्या नगरचा संबंध काय?

अहिल्यानगरमध्ये डीआरडीओची व्हीआरडीई ही संस्था आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 च्या नियम 126 मध्ये गाडीचा नमुना तपासणाऱ्या संस्थांत तिचं नाव आहे. पण लक्षात घ्या, तपासणी होते ती कंपनीने दिलेल्या मूळ नमुन्याची. नंतर तुम्ही वायर कापून जास्त वॅटचे दिवे लावले, एक्झॉस्ट बदलला किंवा स्वस्तात सीएनजी किट बसवलं, तर ती तपासलेली गाडी उरत नाही. इथे सुपरकार आणि आपली साधी हॅचबॅक सारख्याच.

काय काळजी घ्याल?

1. पेट्रोलचा वास आला तर गाडी सुरूच करू नका. मेकॅनिकला बोलवा.
2. पंपावर नोझल आपोआप बंद झालं की थांबा, 'राउंड फिगर' करत बसू नका.
3. फ्यूज उडतोय म्हणून मोठा फ्यूज टाकू नका. फ्यूज वितळायला हवा, वायर नाही.
4. इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर गाडी दामटू नका. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो लाल होईपर्यंत तापू शकतो.
5. उसाच्या पाचटावर किंवा वाळलेल्या गवतावर गरम गाडी उभी करू नका.
6. उंदरांनी वायरी कुरतडल्यात का ते सर्व्हिसिंगच्या वेळी बघायला सांगा.
7. चासी नंबर देऊन शोरूममध्ये रिकॉलची चौकशी करा. दुरुस्ती मोफत होते.

धूर दिसलाच तर?

गाडी कडेला घ्या, इंजिन बंद करा, सगळ्यांना उतरवा आणि लांब जा. मग 101 किंवा 112 ला फोन करा. बॉनेट पूर्ण उघडू नका, आत हवा जाऊन भडका उडतो. अग्निशामक सिलिंडर डिकीत नको, ड्रायव्हरच्या हाताशी हवा. आणि तोही फक्त सुरुवातीच्या छोट्या आगीसाठी. मोठ्या ज्वाळा दिसल्या तर सामान, मोबाईल काहीही काढायला परत जाऊ नका. गाडीचा विमा मिळतो, माणूस परत मिळत नाही.