चिलीतील विद्यार्थी चळवळ

चिलीतील विद्यार्थी चळवळ : शिक्षणाच्या बाजारीकरणाविरुद्ध दक्षिण अमेरिकेतील चिली या देशात शालेय व विद्यापीठीय विद्यार्थ्यांनी उभारलेली चळवळ. २००६ व २०११ हे तिचे दोन प्रमुख टप्पे होत.

पार्श्वभूमी : ११ सप्टेंबर १९७३ रोजी लष्कराने साल्व्हादोर आयेंदे यांचे लोकनिर्वाचित सरकार उलथवले. त्यानंतरच्या जनरल ऑगुस्तो पिनोशे यांच्या हुकूमशाहीत आर्थिक धोरण ‘शिकागो बॉइज’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अर्थतज्ज्ञांच्या हाती गेले. मिल्टन फ्रीडमन यांच्या व्हाउचर-कल्पनेला अनुसरून १९८० च्या दशकाच्या आरंभी सरकारी शाळा नगरपालिकांकडे सोपवण्यात आल्या. दर विद्यार्थ्यामागे ठरावीक अनुदान सुरू झाले व ते नफा कमावणाऱ्या खाजगी शाळांनाही मिळू लागले. लोकशाही परतल्यावरही ही चौकट टिकली. उलट १९९३ मध्ये अनुदानित खाजगी शाळांना पालकांकडून वरकड फी घेण्याची मोकळीक मिळाली. परिणामी गरिबांची मुले प्रामुख्याने नगरपालिकेच्या शाळांत, मध्यमवर्गीयांची अनुदानित खाजगी शाळांत, तर धनिकांची पूर्णतः खाजगी शाळांत अशी वर्गवार विभागणी झाली.

उच्च शिक्षणातही फी लागू झाली आणि खाजगी विद्यापीठांना दार खुले झाले. विद्यापीठांना नफा कमावण्यास कायद्याने मनाई होती. मात्र काही संस्थाचालक आपल्याच कंपन्यांच्या इमारती विद्यापीठाला भाड्याने देऊन नफा काढून घेत. २००५ मध्ये सरकारी हमीवरील बँककर्जाची योजना आली. तिने अनेक सामान्य घरांतील मुलांना विद्यापीठाचा रस्ता दाखवला, पण पदवीबरोबर दीर्घ मुदतीचे कर्जही त्यांच्या माथी मारले.

पेंग्विन क्रांती (२००६) : गडद कोट व पांढरा सदरा या गणवेशामुळे शालेय विद्यार्थ्यांच्या या उठावाला हे नाव पडले. मोफत बसपास आणि विद्यापीठ-प्रवेशपरीक्षेची फीमाफी या मागण्यांपासून आंदोलन सुरू झाले. पुढे शाळांचा ताबा घेत विद्यार्थ्यांनी थेट शिक्षणाच्या मूलभूत कायद्यालाच आव्हान दिले. हा कायदा हुकूमशाही संपण्याच्या आदल्या दिवशी, १० मार्च १९९० रोजी जारी झाला होता. ३० मे रोजीच्या देशव्यापी संपात लाखो विद्यार्थी उतरले. राष्ट्राध्यक्ष मिशेल बाशेलेत यांनी सल्लागार परिषद नेमली आणि २००९ मध्ये नवा कायदा झाला. तथापि अनुदानावरील नफा कायम राहिला.

२०११ चे आंदोलन : सेबास्तियान पिन्येरा यांच्या कारकीर्दीत विद्यापीठीय विद्यार्थ्यांच्या महासंघाने ‘मोफत व दर्जेदार शिक्षण’ आणि ‘नफेखोरी बंद’ या मागण्या पुढे केल्या. कामिला वायेहो, जॉर्जो जॅक्सन व गाब्रिएल बोरिच हे नेते याच काळात पुढे आले. मोर्चांबरोबरच राष्ट्राध्यक्षांच्या ला मोनेदा प्रासादासमोर सामूहिक नृत्य व त्याभोवती १,८०० तासांची अखंड धाव असे अभिनव मार्ग त्यांनी योजले. ४ ऑगस्टला पोलिसांनी ८०० हून अधिक जणांना अटक केली. त्या रात्री नागरिकांनी घराघरांतून भांडी वाजवून निषेध केला. त्याच महिन्यात देशव्यापी संपाच्या वेळी पोलिसांच्या गोळीने सान्तियागोत एका १६ वर्षांच्या मुलाचा बळी घेतला.

परिणाम : २०१२ मध्ये शैक्षणिक कर्जाचा व्याजदर २ टक्क्यांवर आला. विद्यापीठांतील नफेखोरीकडे दुर्लक्ष केल्याच्या आरोपावरून एप्रिल २०१३ मध्ये संसदेने शिक्षणमंत्री हाराल्ड बायर यांना पदच्युत केले. बाशेलेत यांच्या दुसऱ्या कारकीर्दीतील २०१५ च्या समावेशन कायद्याने अनुदानित शाळांतील नफा, वरकड फी आणि निवडक प्रवेश टप्प्याटप्प्याने संपवण्याचे ठरवले. २०१६ पासून सर्वांत कमी उत्पन्नाच्या ५० टक्के कुटुंबांसाठी, तर २०१८ पासून ६० टक्के कुटुंबांसाठी योजनेत सामील संस्थांतील उच्च शिक्षण मोफत झाले. २०१७ च्या कायद्याने नगरपालिकांच्या शाळा नव्या सार्वजनिक सेवांकडे सोपवण्यास आरंभ केला. याच आंदोलनातून पुढे आलेले बोरिच ११ मार्च २०२२ रोजी राष्ट्राध्यक्ष झाले.

मूल्यमापन : प्रति-विद्यार्थी अनुदानाची मूळ पद्धत अद्याप मोडलेली नाही आणि सार्वत्रिक मोफत शिक्षणाची मागणी अपूर्ण राहिली आहे. तरीही हुकूमशाहीने लादलेली आणि लोकशाही सरकारांनी जपलेली बाजारव्यवस्था संघटित विद्यार्थी कायद्याच्या मार्गाने मागे रेटू शकतात, हे या चळवळीने सिद्ध केले. शिक्षणहक्काच्या जागतिक लढ्यातील हे तिचे सर्वांत मोठे योगदान होय.