फाट्यावरचा पादचारी : चौकाची पुनर्रचना आणि लोकसहभाग

पुणे-सातारा महामार्गावरून भोर आणि वेल्हे तालुक्यांकडे वळणारी वाहतूक प्रामुख्याने दोन ठिकाणी विभागते. नसरापूरजवळच्या चेलाडी फाट्यावरून वेल्ह्याचा रस्ता फुटतो. पुढे कापूरहोळ येथून पश्चिमेला भोर आणि पूर्वेला नारायणपूर-सासवडचा मार्ग लागतो. वेल्हे तालुक्याचे नामांतर राजगड असे करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये घेतला. राजगड-तोरण्यावर जाणारे दुर्गप्रेमी, बनेश्वरला आणि केतकावळ्याच्या बालाजी मंदिरात जाणारे भाविक, पुण्याला कामाला जाणारे तरुण, शाळा-महाविद्यालयांचे विद्यार्थी आणि बाजाराला निघालेले शेतकरी, सर्वांचाच या फाट्यांशी संबंध येतो. एसटीतून किंवा वडापच्या जीपमधून उतरून दुसऱ्या वाहनाकडे जाणारा प्रवासी मधल्या अंतरापुरता पादचारी असतो आणि फाट्याच्या आराखड्यात नेमका त्याचाच विचार सर्वांत शेवटी होतो.

पुणे-सातारा टप्प्याच्या सहापदरीकरणाचे काम २०१० मध्ये सुरू झाले आणि ठरलेल्या मुदतीनंतरही अनेक वर्षे रेंगाळले. रुंद रस्त्यामुळे वाहनांचा वेग वाढला. मात्र पायी रस्ता ओलांडणाऱ्याचे अंतरही वाढले. साडेतीन मीटरची एक मार्गिका धरल्यास सहा मार्गिकांची रुंदी २१ मीटर होते. निरोगी माणूस सेकंदाला साधारण १.२ मीटर चालतो, असे अभियंते गृहीत धरतात. त्या हिशेबाने हे अंतर कापायला साडेसतरा सेकंद लागतात. तेवढ्या वेळात ताशी ८० किलोमीटर वेगाने येणारी मोटार सुमारे ३९० मीटर अंतर तोडते. डोक्यावर ओझे असलेली बाई, वृद्ध किंवा लहान मूल यांना याहून अधिक वेळ लागतो. उड्डाणपुलामुळे थेट जाणारी वाहने वर जातात खरी; पण वळणारी वाहने, सेवारस्ता, थांबे आणि टपऱ्या पुलाखालीच राहतात. त्यामुळे महामार्ग पुलावरून गेला तरी फाट्याच्या रचनेचा प्रश्न शिल्लक राहतोच.

<b>आकडे आणि कायदा</b>

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ जणांचा मृत्यू झाला. त्यांपैकी ३२,८२५ पादचारी होते. म्हणजे जवळपास एक पंचमांश बळी पायी चालणाऱ्यांचे आहेत. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९८-अ समाविष्ट झाले. रस्त्याची रचना, बांधणी वा देखभाल सदोष असल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आल्यास संबंधित यंत्रणेला एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये पादचाऱ्यांचा सुरक्षित पदपथाचा हक्क हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे स्पष्ट केले.

तांत्रिक मार्गदर्शनही उपलब्ध आहे. इंडियन रोड्स काँग्रेसची पादचारी सुविधांविषयीची मार्गदर्शिका २०१२ मध्ये सुधारण्यात आली आणि पदपथाची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर असावी, असे तीत नमूद करण्यात आले. नियमांची वाण नाही. अडचण अंमलबजावणीची आहे. फाट्यावरचा मुख्य रस्ता राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा, फुटणारा रस्ता सार्वजनिक बांधकाम विभागाचा, कडेची वस्ती ग्रामपंचायतीची, थांबा एसटी महामंडळाचा आणि वाहतूक नियंत्रण ग्रामीण पोलिसांचे. प्रत्येकाची हद्द ठरलेली असते. पादचारी मात्र एका फेरीत या साऱ्या हद्दी ओलांडतो.

<b>पुनर्रचना म्हणजे काय?</b>

चौक पादचारीस्नेही करणे म्हणजे केवळ झेब्रा पट्टे रंगवणे नव्हे. पहिली गोष्ट म्हणजे ओलांडण्याचे अंतर कमी करणे. कोपऱ्यावरचा पदपथ पुढे वाढवला आणि दुभाजकात उभे राहण्यापुरती सुरक्षित जागा ठेवली की रस्ता दोन टप्प्यांत ओलांडता येतो. दुसरी गोष्ट वळणाच्या वेगाची. कोपऱ्याची गोलाई मोठी असेल तर डावीकडे वळणारे वाहन वेग कमी करीत नाही. गोलाई लहान केली की चालकाला वेग आवरावाच लागतो. तिसरी गोष्ट म्हणजे लोक प्रत्यक्षात जिथून जातात तिथेच ओलांडण्याची सोय देणे. थांबा एका टोकाला आणि पट्टे दुसऱ्या टोकाला असतील, तर दुभाजकाच्या तुटलेल्या जाळीतून वाट निघणारच.

मुख्य महामार्गावर मात्र शहरी चौकातील उपाय जसेच्या तसे लागू करता येत नाहीत. ताशी ८० किलोमीटरच्या वाहतुकीसमोर नुसते पट्टे आखल्यास पादचाऱ्याला खोटा दिलासा मिळतो. तिथे पुलाखालून किंवा भुयारी मार्गाने ओलांडण्याची सोय हवी. मावळपट्ट्यातील पाऊस लक्षात घेता भुयारी मार्गात पाणी साचणार नाही, रात्री दिवे राहतील आणि बाईमाणसाला एकटीने जाताना भीती वाटणार नाही, हे पाहावे लागते. उंच पादचारी पूल बांधूनही त्याच्या पायऱ्या चढण्याऐवजी लोक खालूनच जीव मुठीत धरून धावतात, हे अनेक ठिकाणी दिसते. वेग कमी करणारे, कोपरे आवळणारे उपाय खरे उपयोगी पडतात ते सेवारस्त्यावर आणि फुटणाऱ्या रस्त्याच्या तोंडाशी.

<b>‘लोक’ म्हणजे कोण?</b>

लोकसहभागाची कायदेशीर चौकट खेड्यात नवी नाही. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमानुसार वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. तरीही फाट्याच्या बाबतीत ही चौकट अपुरी पडते. चेलाडी फाट्यावर वाहन बदलणारा प्रवासी वेल्हे तालुक्यातील दुर्गम वाडीचा असू शकतो. नसरापूरच्या ग्रामसभेत त्याला मत नाही आणि त्याच्या गावच्या ग्रामसभेला फाट्याविषयी अधिकार नाही. दुकानदार, जमीनमालक व जीपचालक बैठकीला येतात; सकाळच्या एसटीसाठी धावणारी विद्यार्थिनी येत नाही. अशा बैठकीतून जागा आणि वाहनतळाच्या मागण्या पुढे येतात. ओलांडण्याच्या जागेचा प्रश्न मागे पडतो.

म्हणूनच मते सभागृहाइतकीच रस्त्यावर गोळा करणे आवश्यक ठरते. बाजाराच्या दिवशी, शाळा सुटताना, पावसाळ्यातील रविवारी आणि शेवटच्या एसटीच्या वेळी फाट्यावर उभे राहून किती माणसे कुठून कुठे जातात, याची मोजणी करता येते. अधिकाऱ्यांनी विद्यार्थी, वृद्ध आणि अपंग व्यक्तींसोबत प्रत्यक्ष चालून पाहिल्यास नकाशावर न दिसणारे उघडे गटार किंवा आडवा खांब नजरेस येतो. टपरीधारकांनाही यात स्थान हवे. रात्री उशिरा फाट्यावर जाग असते ती त्यांच्यामुळेच.

<b>आधी चुना, मग काँक्रीट</b>

न्यू यॉर्कच्या टाइम्स स्क्वेअर परिसरात ब्रॉडवेचा काही भाग मे २००९ मध्ये प्रायोगिक तत्त्वावर वाहनांना बंद करण्यात आला. परिणाम पाहून २०१० मध्ये तो बदल कायम करण्यात आला. पुणे महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण स्वीकारले. त्याच सुमारास औंधमध्ये रुंद पदपथांचा प्रयोग झाला. चालणाऱ्यांची सोय झाली, तशी गाड्यांसाठी रस्ता अरुंद झाल्याची तक्रारही आली. ११ डिसेंबर २०२१ रोजी लक्ष्मी रस्त्याचा काही भाग पादचारी दिनानिमित्त वाहनांसाठी बंद ठेवण्यात आला. अशा प्रयोगांचा लाभ असा की, तक्रारी बांधकामाआधी ऐकता येतात आणि चूक दुरुस्त करणे स्वस्त पडते.

भोर शहर अशा प्रयोगाला अनुकूल आहे. संस्थानकाळात, मोटारी येण्यापूर्वी वसलेल्या गावातून आज वरंध घाटमार्गे महाडकडे जाणारी वाहतूकही होते. येथे नगरपरिषद आहे, वाहनांचा वेग महामार्गापेक्षा कमी आहे आणि चौक वापरणाऱ्यांत शहरातील रहिवाशांचे प्रमाण मोठे आहे. एखाद्या चौकात चुन्याच्या रेषा, वाळूची पोती आणि पिंपे ठेवून महिनाभर नवी रचना अजमावता येईल. एसटी वळते का, रुग्णवाहिका अडते का, ओलांडायला किती वेळ लागतो, हे आधी आणि नंतर मोजता येईल.

चेलाडी आणि कापूरहोळसाठी मात्र सर्व यंत्रणांना एकत्र आणणारे व्यासपीठ लागेल. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा रस्ता सुरक्षा समिती हे काम करू शकते. दोन्ही तालुक्यांतील ग्रामपंचायतींचे ठराव आणि फाट्यावरील मोजणी एकाच वेळी समितीपुढे यावी. कोणती सूचना स्वीकारली, कोणती नाकारली व का, हे लेखी स्वरूपात एसटी थांब्यावर लावले जावे. ग्रामसभेत मत नसलेल्या वेल्ह्याच्या प्रवाशालाही मग आपल्या सूचनेचे काय झाले, हे गाडीची वाट पाहताना वाचता येईल.