आगगाडी, इंटरनेट आणि शाहूपुरी

जुन्या कोल्हापुरांतील पेठांचीं नांवें बहुधा वारांवरून पडलेलीं आहेत. मंगळवार, शुक्रवार, शनिवार अशीं तीं लोकांच्या तोंडीं बसलीं आहेत. शाहूपुरींत मात्र घर शोधीत आलेल्या पाहुण्यास पहिली गल्ली, दुसरी गल्ली, तिसरी गल्ली अशी आंकड्यांनीं चौकशी करावी लागे. ही पेठ आपोआप वाढलेली नसून आंखून वसविलेली आहे, याची साक्ष हे आंकडेच देतात. अलीकडे पाहुणा कोणास कांहीं विचारीतच नाहीं. हातांतील मोबाइलवरचा नकाशा पाहात तो थेट दारापर्यंत येतो. कोपऱ्यावरच्या पानवाल्याशीं त्याचें दोन शब्दांचेंहि बोलणें होत नाहीं. हा फरक दिसावयास लहान आहे. पण सव्वाशें वर्षांपूर्वीं ह्याच पेठेनें नव्या साधनामुळें झालेला एक मोठा पालट पाहिला होता, आणि त्या दोहोंची तुलना करून पाहिल्यास आपणांस कांहीं बोध होण्यासारखा आहे.

मिरजेहून कोल्हापुरास आगगाडी आली ती 1891 सालीं. त्यापूर्वीं माल न्यावयाचा तर बैलगाड्या हांकीत घाटवाटा तुडवाव्या लागत. 1894 मध्यें राज्यकारभार हातीं आल्यावर शाहू महाराजांनीं दुसऱ्याच वर्षीं, म्हणजे 1895 सालीं, स्टेशनालगत गुळाच्या व्यापारासाठीं शाहूपुरी वसविली. रूळ पडले म्हणून बाजार आपोआप भरला नाहीं, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. गाडी माल वाहून नेते. पण तो कोठें उतरावा, कोठें साठवावा, कोणीं कोणाशीं व कोणत्या रीतीनें सौदा करावा, हें गाडी ठरवीत नाहीं. तें माणसांनाच ठरवावें लागतें. गुळाचे सौदे पुढें शाहू मार्केट यार्डांत गेले. पेठ मात्र आपल्या जागीं राहिली.

परंतु पेठ वसविल्यानेंहि काम पुरें होत नव्हतें. 1901 पासून कोल्हापुरांत निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठीं वसतिगृहें निघूं लागलीं, आणि 1917 मध्यें संस्थानांत प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचें करण्याचा हुकूम सुटला. मुलास शाळेंत न धाडणाऱ्या पालकास दरमहा 1 रुपया दंडाची तरतूद त्यांत होती. हें सारें आगगाडीसाठीं झालें असें म्हणणें अर्थातच अतिशयोक्तीचें होईल. तरी त्यांतील क्रम पाहण्यासारखा आहे: आधीं साधन, मग पेठ, मग शाळा. गूळ कितीहि वेगानें बाजारांत पोंचला, तरी आडत्यानें हातावर ठेवलेली पट्टी ज्यास वाचतां येत नाहीं, त्याच्या पदरांत त्या वेगाचा लाभ पुरता कधींच पडत नाहीं.

आपल्या देशांत इंटरनेट सर्वसामान्यांस खुलें झालें तें 15 ऑगस्ट 1995 रोजीं. म्हणजे शाहूपुरी वसल्यास शंभर वर्षें होत असतांना. ह्या नव्या साधनाचा आपल्या भागांतील गाजलेला प्रयोग 1998 सालीं वारणानगरच्या सहकारी साखर कारखान्याच्या परिसरांत झाला. आसपासच्या सुमारें 70 गांवांसाठीं संगणकाचीं केंद्रें उघडण्यांत आलीं. शेतीची माहिती, बाजारभाव, सरकारी योजना, शिक्षण असें सारें जग शेतकऱ्याच्या उंबऱ्याशीं आणावें, हा त्यामागील उद्देश होता. प्रत्यक्षांत शेतकरी केंद्रावर येई तो मुख्यतः आपल्या उसाचें वजन, तोडीची पाळी आणि पैशांचा हिशेब पाहण्यासाठीं. पुढें 2006 च्या सुमारास सात गांवांत संगणकाऐवजीं साध्या मोबाइलवर लघुसंदेशानें हाच हिशेब देऊन पाहिला, आणि तें काम कमी खर्चांत भागलें.

कोणी ह्यास प्रयोगाचें अपयश म्हणतील. आम्हांस तसें वाटत नाहीं. जगाची माहिती मिळविण्याची हौस पुढची. आपल्या घामाचा हिशेब आपल्या डोळ्यांनीं पाहावा, ही भूक आधींची. ज्याच्या आजोबास पट्टी वाचून घेण्यासाठीं दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावें लागलें, त्याच्या हातीं ती पट्टी आपण होऊन आली. साधन देणाऱ्यानें कांहींहि योजिलें असो, घेणारा त्यांतून आपल्या गरजेपुरतेंच उचलतो, हें वारणेच्या शेतकऱ्यानें दाखवून दिलें.

त्यानंतर काळाचीं पावलें झपाट्यानें पडलीं. दारांत तारवाला दिसतांच घराचें काळीज धडधडावें, अशी ती तार जुलै 2013 मध्यें कायमची बंद झाली. 2016 मध्यें यूपीआय सुरू झालें, आणि थोड्याच वर्षांत भाजीच्या गाडीवरहि काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन लटकूं लागला. पावसाळ्यांत राजाराम बंधाऱ्यापाशीं पंचगंगा किती फुटांवर आली, हें मोबाइलवर पाहिल्याशिवाय कोल्हापूरकरास झोंप लागत नाहीं. 39 फूट म्हणजे इशारा आणि 43 फूट म्हणजे धोका, हें येथील मुलांनाहि पाठ आहे. 2019 व 2021 च्या महापुरांत पाणी 55 फुटांच्याहि वर गेलें. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीसारख्या सखल वस्तीस अशा वेळीं वेळेवर आलेला संदेश होडीइतकाच मोलाचा.

पण त्याच साधनाचें दुसरें तोंडहि ह्या शहरानें पाहिलें आहे. जून 2023 मध्यें कांहीं मोबाइलवरील ‘स्टेटस’वरून मनें भडकलीं. 7 जूनला शहरांत दगडफेक झाली, पोलिसांस लाठ्या चालवाव्या लागल्या आणि जिल्ह्यांतील इंटरनेट बंद ठेवावें लागलें. शेजारच्या दुकानदारास प्रत्यक्ष जाऊन दोन शब्द विचारावयास फारसा वेळ लागला नसता. पण न पाहिलेल्या माणसाच्या मजकुरावर विश्वास ठेवावयास तेवढाहि वेळ लागला नाहीं. पानवाल्याशीं न झालेलें तें दोन शब्दांचें बोलणें येथें आठवतें. रस्ता विचारण्याचें निमित्त गेलें, तशी ओळखहि पातळ होत गेली. आणि ओळख पातळ झाली कीं अफवेस वाट मोकळी मिळते.

नवीं साधनें फेंकून द्यावीं, असें सुचविण्याचा आमचा मुळींच हेतु नाहीं. आगगाडी नको म्हणून बैलगाडीकडे परतलेलें शहर आमच्या पाहण्यांत नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं, ह्या खेपेस साधन आलें, पेठहि आली, शाळा मात्र अद्यापि यावयाची आहे. 1917 च्या हुकमानें मुलास अक्षर वाचावयास शिकविलें. आजच्या घरास खरें-खोटें निवडून वाचावयास शिकावें लागेल, आणि ह्या शिक्षणांत वडील माणसेंहि विद्यार्थीच आहेत. तें कोणत्याहि दंडानें होणारें नव्हे. रात्रीं जेवतांना वडिलांनीं मोबाइलवर आलेला एखादा मजकूर मोठ्यानें वाचून दाखवावा, आणि पानावरून मान वर करून मुलीनें विचारावें, “बाबा, हें सांगितलें कोणीं? त्यानें तरी तें पाहिलें आहे काय?” असा प्रश्न ज्या घरांत विचारतां येतो, आणि विचारल्यावर कोणी रागावत नाहीं, त्या घरापुरती ही शाळा सुरू झाली असें समजावयास हरकत नाहीं.